न फिरवलेली बाटली

माझ्या नवऱ्याला माझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे. लग्नाआधी मला कोण आवडायचं तेही माहीत आहे. हे माहीत नाही. बहिणीला नाही, आईला नव्हतं, आणि आई आता नाही. अकरा-बारा वर्षं झाली असतील — नेमकी मोजत नाही, मोजली की जवळ येतं. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा खोटंच बोलेन, एवढी मला माझी ओळख आहे.

मी घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नसे, आणि आई रोज त्यावरून खाणीला, सिमेंटवाल्यांना आणि वडिलांना एकाच दमात शिव्या घालायची. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि उत्तर गुजरातेत एका तेलाच्या फील्डवर, तिथल्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. विहारात माझा सत्कार झाला. शाल दिली, गुलाबाचं फूल दिलं, आणि शेजारच्या काकांनी माइकवरून सांगितलं, की आपली पोरगी आता जमिनीतून तेल काढते. मी तेल काढत नव्हते. निघालेल्या तेलात पाणी किती, एवढंच बघत होते. पण माइक त्यांच्या हातात होता.

हे पाण्याचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विहिरीतून निघालेलं तेल तसंच्या तसं विकता येत नाही. त्यात वाळू असते, वायू असतो आणि भरपूर पाणी असतं. तेल आणि पाणी आपोआप वेगळं होतं असं आपण शाळेत शिकतो — पण पाइपातून येताना ते इतकं घुसळलं जातं, की पाण्याचे बारीक थेंब तेलात अडकून बसतात आणि सुटायला तयार नसतात. म्हणून त्यात एक केमिकल सोडतात, छोट्या पंपाने, थेंब थेंब. मग ते तेल हीटरमध्ये तापवतात आणि टाकीत निवांत ठेवतात. पाणी तळाशी बसतं. ते खालून काढून टाकायचं आणि वरचं तेल टँकरमध्ये भरून गिऱ्हाइकाकडे पाठवायचं. गिऱ्हाईक पाणी विकत घेत नाही. पाणी निघालं तर टँकर परत.

टँकर परत येऊ नये, म्हणून भरायच्या आधी टाकीतल्या तेलाची एक बाटली माझ्याकडे यायची. टाकीला तीन नळ असतात — वर, मध्ये, खाली. तिन्हीतून सारखं तेल घेऊन ती भरायची. मी त्यातलं तेल निमुळत्या काचेच्या ट्यूबांमध्ये ओतायचे, तापवायचे आणि सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवायचे. पाणी ट्यूबच्या टोकाशी जमायचं. काचेवर रेघा असतात. रेघ वाचायची, रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, सही करायची. याला आम्ही 'बाटली फिरवणं' म्हणायचो. माझी सही झाली की गाडी सुटायची. सव्वीस वर्षांच्या मुलीला त्याचा किती माज असेल, तुम्हीच कल्पना करा.

आता मारोतीभाऊ.

ते आरमोरीजवळच्या एका खेड्यातले. पन्नाशीला आलेले, सडपातळ, आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. आमच्या भागातले सात-आठ जण एका ठेकेदारामार्फत तिथे कामाला आले होते, त्यांतले सगळ्यांत जुने. कागदावर ते हेल्पर. प्रत्यक्षात हीटर आणि टाक्या त्यांच्याच हातात होत्या, आणि इंजिनियर साहेबांना काही अडलं की हाक त्यांनाच. तळाचं पाणी काढताना ते खालचा व्हॉल्व्ह उघडून तिथेच उकिडवे बसायचे. पाणी संपून तेल कधी येणार हे त्यांना धारेच्या आवाजावरून कळायचं. पाण्याची धार खळखळ वाजते, तेल आलं की आवाज बसतो — हे त्यांनीच मला दाखवलं. माझ्या एम.एस्सी.च्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं.

सगळे मला म्याडम म्हणायचे. ते बाई म्हणायचे, आपल्याकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "घुग्घुसच्या होय? मंग तं तुमी घरच्याच निंगाल्या, बाई. कुठी काई अडलं तं मले सांगा." तिथे सगळीकडे हिंदी आणि गुजराती. दिवसातून एकदा कोणीतरी 'मले-तुले' बोललं की मला बरं वाटायचं. मी कधी भाजी जास्त केली तर त्यांना डबा द्यायचे. ते कधी डबा रिकामा परत देत नसत — काही नसलं तर मूठभर साखर टाकून द्यायचे.

दर हिवाळ्यात ते पंधरा दिवसांची रजा काढून वडशाला जायचे, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर मांडवात चालणाऱ्या नाटकांत काम करायला. त्यांची भूमिका ठरलेली — सत्यासाठी घरदार पणाला लावणारा गरीब बाप. महिनाभर आधीपासून टाक्यांच्या मध्ये उभे राहून संवाद घोकायचे. एकदा गुजराती वॉचमन काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं कोणाचा तरी खून होतो आहे. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे सगळं का सांगते आहे? लांबण लावते आहे, मला कळतं. पण माणूस कोण होता हे कळल्याशिवाय त्याचं काय केलं ते कसं कळणार?

तर — ट्यूबा.

लॅबमध्ये फिरवायच्या ट्यूबा दोनच उरल्या होत्या. सेंट्रीफ्यूजला समोरासमोर दोन लागतातच, एकीवर ते चालत नाही, थडथड उडतं. डिसेंबरात एका सकाळी मी गरम ट्यूबा धुऊन थंडगार कडप्प्यावर ठेवल्या. टक्. मग पुन्हा एक टक्. दोन्ही तडकल्या.

काय करायला हवं होतं? लॅबच्या साहेबांकडे जाऊन सांगायचं — सर, ट्यूबा फुटल्या, नव्या मागवा. दोन मिनिटांचं काम. पण मी रुजू झाले तेव्हा साहेब हसत हसत म्हणाले होते, की तुमच्या आधी एक मुलगी होती, तिने महिनाभरात सगळी काच संपवली. ते गमतीत म्हणाले होते. मला ते लागलं होतं. मुलगी म्हणजे फोडणार. त्यात आमच्या घरातून इतक्या लांब नोकरीला निघालेली मी पहिली — माझ्या हातून काही फुटायचं नाही, अशी मी स्वतःशी खूणगाठ बांधली होती. मी काचा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या आणि येताना रस्त्यावरच्या कचऱ्यात फेकल्या.

त्या दिवशीच्या बाटलीचा आकडा मी डोक्यातून लिहिला. आदल्या दिवशी ०.२ टक्के होता, मी ०.३ लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.२. बाटली उन्हाकडे धरायची, हलवायची, तपासल्यासारखा चेहरा करायचा आणि लिहायचं. सेंट्रीफ्यूज मी रिकामंच चालू करायचे, बाहेर आवाज जावा म्हणून. हे लिहिताना आत्ता माझे कान गरम झालेत. असं मी नऊ दिवस केलं.

आणि नऊ दिवस एकही टँकर परत आला नाही. का आला नसेल? मारोतीभाऊ टाकी नीट ठेवत होते म्हणून. तेल खरंच स्वच्छ होतं. माझे खोटे आकडे त्यांच्या कामामुळे खरे निघत होते, आणि मला मात्र वाटू लागलं होतं, की माझा अंदाज चांगला आहे. नवीन ट्यूबा काय, पुढच्या महिन्यात सहज विषय काढून मागवू.

दहाव्या दिवशी सकाळी मारोतीभाऊ स्वतः बाटली घेऊन आले. एरवी कोणाच्या तरी हाती पाठवायचे. थंडी खूप होती, तिथलं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. दारातूनच म्हणाले, "बाई, केमिकलचा पंप पहाटपासून बंद पडून होता, मले सकायी दिसला. पाणी सुटलं नाई मले वाट्टे. इंजिनियर साहेबाले सांगतलं तं ते म्हन्ते, लॅबचा आकडा येऊ दे. तुमी ही दोनदा फिरवून पाहा."

मी म्हणाले, हो भाऊ, बघते.

ते गेले. मी बाटली टेबलावर ठेवली. पाच-सात मिनिटं बसून राहिले असेन. लॅबचे साहेब केबिनमध्येच होते, दार उघडं होतं. अजूनही उठून सांगता आलं असतं. नऊ दिवसांचं कसं सांगायचं, हा आता प्रश्न होता — दोन ट्यूबांची गोष्ट नऊ आकड्यांची झाली होती. मी रिकामं सेंट्रीफ्यूज चालू केलं. बंद केलं. भाऊंनी दोनदा म्हटलं होतं म्हणून पुन्हा एकदा चालू केलं. एवढा प्रामाणिकपणा मी दाखवला, बघा. मग ०.३ लिहिलं, सही केली आणि बाटली खिडकीत सरकवली.

गाड्या भरल्या आणि गेल्या. भरताना मारोतीभाऊच होते. आकडा आला म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. पहिल्याच टँकरमध्ये सहा टक्के पाणी. सगळ्या गाड्या परत.

मी लॅबमध्ये एकटी होते. खिडकीत सकाळची बाटली होती, दिवसभर ऊन लागून त्यातलं तेल पातळ झालं होतं. मी ती उचलली. तळाशी बोटभर पाणी बसलेलं होतं — गढूळ, दुधट, पण पाणीच, वाकून बघायचीही गरज नव्हती. म्हणजे बाटली खरी होती. तिन्ही नळांतून व्यवस्थित भरलेली. सकाळी कोणीही फिरवली असती तरी दिसलं असतं. नियम असा होता, की गिऱ्हाइकाने माल घेईपर्यंत बाटली जपून ठेवायची. मी ती बाहेरच्या खराब तेलाच्या पिंपात ओतली, सॉल्व्हंटने धुतली आणि इतर बाटल्यांच्या रांगेत पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी. मोठे साहेब, लॅबचे साहेब, शिफ्टचे इंजिनियर, मारोतीभाऊ आणि मी. टेबलावर माझं रजिस्टर उघडं. सगळं फार शांतपणे चाललं होतं. टाकीतलं तेल लॅबने तपासलं, त्यात पाणी नाही. टँकरमध्ये सहा टक्के. मग पाणी आलं कुठून? एक तर गाड्या भरताना कोणीतरी तेल काढून पाणी भरलं, नाहीतर लॅबला आलेली बाटलीच खोटी, फक्त वरच्या नळातून भरलेली होती. गाड्या भरल्या मारोतीभाऊंनी. बाटली आणली मारोतीभाऊंनी. कसंही फिरवलं तरी त्यांचंच नाव येत होतं. आकडाच खोटा असेल, ही शक्यता त्या खोलीत कोणाच्या मनातही आली नाही. मी हुशार मुलगी होते ना.

इंजिनियर म्हणाले, हा पंप बंद होता म्हणत होता, पण लॅबने पास केलं तर मी कशाला थांबवू? बहुतेक आधीच सारवासारव करून ठेवत असेल.

मारोतीभाऊ उभेच होते. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं. ते हिंदीत अडखळत बोलत होते, मग एकदम आपल्या बोलीत आले. "मी बाईले सांगतलं होतं. दोनदा फिरवा म्हनलं होतं. पुसा त्याइले. बाई खोटं नाई बोलनार."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, यांनी तसं सांगितलं होतं का?

मी म्हणाले, हो.

मग फिरवली का दोनदा?

इथे थांबते जरा. तुम्हाला वाटेल, तेव्हा भीतीने तोंडातून निघून गेलं असेल. नाही. मला विचार करायला वेळ मिळाला होता, आदल्या दुपारपासूनचा. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि उत्तर तयार होतं.

मी म्हणाले, "दोनदा फिरवली, सर. दोन्ही वेळा तोच आकडा आला."

मारोतीभाऊंच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ते गोंधळले होते. आपलंच काही चुकलं का, असं माणूस मनाशी आठवायला लागतो ना — तसे डोळे. बाटली कुठे आहे म्हणून विचारलं, मी म्हणाले, चुकून धुतली गेली. लॅबचे साहेब माझ्यावर जरासे रागावले, असं पुन्हा करू नका म्हणाले. झालं. माझ्या वाट्याला आली ती एवढीच शिक्षा.

पोलिसात दिलं नाही. ठेकेदाराला सांगून त्यांचा गेटपास काढून घेतला, तोही उपकार केल्यासारखा. दोन दिवसांनी ते लॅबच्या दारात आले, खांद्याला पिशवी. माझा स्टीलचा डबा त्यांच्याकडे राहिला होता. "येतो बाई. तुमचा डबा." एवढंच बोलले. मी विचारलं, नाटकाला जाल ना आता वडशाला? काय विचारावं माणसाने! ते म्हणाले, हाव, जातो. ते गेल्यावर मी डबा उघडला. त्यात मूठभर साखर होती.

आठवड्याने लॅबच्या साहेबांनी आपणहून विचारलं, सामान काही कमी आहे का, यापुढे दर बाटली दोनदा फिरवत जा. मी म्हणाले, ट्यूबा जुन्या झाल्यात. दोन दिवसांत सहा नव्या ट्यूबा आल्या. जुन्यांचं काय झालं, ते कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर मी दोन वर्षं तिथे होते. एकही आकडा खोटा लिहिला नाही. पुढे लग्न झालं, घुग्घुसला परत आले, आता एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. हाताखालच्या मुलींना मी काटेकोर वाटते. काही फुटलं तर लगेच येऊन सांगा, मी रागावणार नाही, असं प्रत्येक नवीन मुलीला पहिल्याच दिवशी बजावते. मुली म्हणतात, म्याडम कडक आहेत पण मनाच्या चांगल्या आहेत. मी ऐकून घेते.

इथवरचं सांगणं कदाचित जमलं असतं कधीतरी. तरुण होते, घाबरले होते, असं म्हणून नवऱ्यासमोर रडता आलं असतं. तो समजूतदार आहे. पण त्यापुढचं — ते मी तरुण असताना घडलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी चुलत बहिणीकडे साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्याला, वडशाला गेले. सकाळच्या गाडीने उतरले. स्टेशनाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक मंडळ्यांचे बोर्ड लागलेले, रंगवलेले मोठमोठे चेहरे, त्यात मी नकळत एक चेहरा शोधत होते. तो बोर्डावर नव्हता. तो पुढच्या वळणावर एका भातगिरणीच्या ओट्यावर बसला होता, समोर धानाचं पोतं उघडं. पोत्यातून दोन दाणे घेऊन दाताखाली धरले, चावून पाहिले आणि पोतंवाल्याला म्हणाला, ओलं आहे, अजून दोन दिवस वाळव. मी आवाजावरून ओळखलं. पाय तिथेच थांबले.

पुढे निघून जाता आलं असतं. त्यांनीच हाक मारली. "बाई! घुग्घुसच्या बाई ना?"

केस पूर्ण पांढरे झाले होते, बाकी तसेच. मला खुर्ची आणून दिली, चहा सांगितला, गिरणीतल्या दोघांना बोलावून सांगितलं, "ह्या आमच्या लॅबच्या बाई. लय हुशार." मी चहाचा कप धरून बसले. मी विचारलं, नाटक? हसले. म्हणाले, सोडलं. तिथून परतले त्याच वर्षी एक प्रयोग केला होता. आमच्या भागातली जी माणसं तिथे कामाला होती, त्यांच्याकडून गावोगाव कळलं होतं, की मारोतीने तेलात पाणी मिसळलं. मारोतीभाऊ स्टेजवर उभे राहून, सत्यासाठी मेलो तरी चालेल, असं काहीतरी म्हणायला लागले तेव्हा मांडवातून कोणीतरी ओरडलं — पाणी किती, मारोती? सगळा मांडव हसला. दुसऱ्या गावातही तेच. मंडळीच्या मालकाने पुढच्या वर्षी बोलावलं नाही. "लोकाइचं काय, हासतेतच," ते म्हणाले. ते सांगताना तेही हसत होते.

मग त्यांनी कप खाली ठेवला. गिरणीतली माणसं आत गेली होती.

"बाई, एक पुसायचं होतं तुमाले. लय वर्सं झाले. मी घरी बायकोले सांगतो का मी बाटली बरोबर भरली होती. पण मंग मले वाट्टे, तुमी तं दोनदा फिरवली. तुमचा आकडा खोटा काऊन येईन? त्या दिवशी खालचा नळ थंडीनं जमला होता का काय, मी वरूनच भरली असन बाटली. आता मले आठोतच नाई. डोकं धरून बसतो, पण नाई आठोत. तुमाले काय वाट्टे?"

समजतंय का तुम्हाला, त्यांनी काय विचारलं? माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी त्या माणसाने स्वतःची आठवण खोटी ठरवत आणली होती. आणि तो निकाल माझ्याकडूनच मागत होता. मला आता कसली भीती होती? ती कंपनी सुटून आठ-नऊ वर्षं झालेली. माझी नोकरी वेगळी, शहर वेगळं, तिथे कोणी साहेब नव्हते, रजिस्टर नव्हतं. समोर एक म्हातारा होत चाललेला माणूस आणि चहाचे दोन कप. मी खरं बोलले असते तर ते कदाचित ओरडले असते. कदाचित नसतेही. जे काही झालं असतं ते त्या ओट्यावरच झालं असतं.

मी म्हणाले, "असेल, भाऊ. थंडी फार होती त्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. "चला, तुमी म्हन्ता म्हंजे तसंच असन," म्हणाले. "बायकोले सांगतो आज. मायीच चूक होती म्हनून." आणि मला ते चक्क सुटल्यासारखे वाटले, हलके झाल्यासारखे. मला शरम वाटली. पण तोंड उघडलं नाही.

निघताना त्यांनी गिरणीतून नवा तांदूळ आणून दिला, पिशवीत पाच किलोच्या वर असेल. मी नको म्हटलं. "रिकाम्या हातानं कशा जासाल, बाई?" मी घेतला. फोन नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला, तो माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात. ते हयात आहेत, ठणठणीत आहेत, वडशाची गाडी रोज आहे. तांदूळ मी घरी आणला. नवऱ्याला फार आवडला, वास छान आहे म्हणाला, कुठून आणलास म्हणून विचारलं. ओळखीच्या एका भाऊंनी दिला म्हटलं. महिनाभर आम्ही तोच खाल्ला.

मारोतीभाऊंनी त्या दिवशी बाटली तिन्ही नळांतून भरली होती. खालचा नळ जमलेला नव्हता. मी ती एकदाही फिरवली नाही.